अंजन: नाव एक, झाडं दोन आणि एक गवत

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेला आवारातल्या झाडांवर पाट्या लावायच्या आहेत. आवारात अंजनाचं जुनं झाड आहे. पाटीवर नावाचा अर्थ लिहायचा म्हटल्यावर गावात तीन मतं निघाली. एक म्हणतो, याच्यापासून काजळ करायचे म्हणून अंजन. दुसरा म्हणतो, मारुतीच्या आईचं नाव अंजनी, त्यावरून. तिसऱ्याने मोबाइलवर शोधलं तर निळ्याजांभळ्या फुलांचं भलतंच झाड समोर आलं आणि आपलं झाड अंजनच आहे का, अशी शंका पडली. जाता जाता असंही विचारलंय की घराच्या धाब्यातली तुळई अंजनाची आहे असं वडीलधारी सांगतात, ते पडताळायचं कसं?

यात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. ‘अंजन’ या शब्दाचा अर्थ काय, हा एक प्रश्न. तो शब्द नेमका कुठल्या झाडाला लावलाय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कुठेही तेच राहतं. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही चोपड्यात उभे आहात की माथेरानला, यावर अवलंबून आहे. म्हणून आधी झाड ठरवू. झाड ठरल्याशिवाय नावाची व्युत्पत्ती काढणं म्हणजे नवरदेव कोण हे न बघता पत्रिका छापणं.

खानदेशात, निमाडात आणि एकूणच दख्खनच्या कोरड्या, मुरमाड जमिनीवर अंजन म्हणतात ते झाड शास्त्रीय नावाने हार्डविकिया बायनाटा. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या जंगलात, सालई आणि खैराच्या सोबतीला हे दिसतं. ओळख पानावरूनच करायची. फांदीवरून एक पान तोडून तळहातावर ठेवा. एका देठाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराची दोन पानं समोरासमोर चिकटलेली दिसतील, रंग करडा-हिरवा, स्पर्श जाडसर. दोघांच्या मधोमध केसासारखं एक बारीक टोक असतं. ते लवकर गळून पडतं, त्यामुळे कोवळ्या पानात शोधा. आता एका बाजूचं पान चिमटीत धरून ओढा. ते दुसऱ्याला न फाडता अलगद सुटतं. हीच खूण महत्त्वाची, कारण शाळेतली मुलं हमखास याला आपटा म्हणतात. आपट्याचं पान टोकाकडे दुभंगलेलं दिसलं तरी ते एकच पान असतं. अर्धं ओढलं तर फाटतं.

झाडाची बाकीची लक्षणंही जुळवून बघा. फांद्यांची टोकं बारीक आणि खाली लोंबणारी. कोवळ्या झाडाची साल पांढुरकी, जुन्या झाडाची काळपट करडी, खडबडीत आणि चिरा पडलेली. उन्हाळ्याच्या तोंडी पानं गळतात आणि नवी पालवी तांबूस येते. फुलं पावसाळ्यात, इतकी बारीक आणि फिकट पिवळसर-हिरवी की झाड फुलावर आहे हे मान वर करून बघितल्याशिवाय कळत नाही. शेंग मात्र विसरता येणार नाही अशी असते: चपटी, कागदासारखी, साधारण दोन-अडीच इंच लांब, एकच बी आणि तेही टोकाशी. एप्रिल-मेच्या वाऱ्यात ती भिरभिरत खाली येते. ही सगळी लक्षणं जुळली तर तुमचं झाड अंजनच. मोबाइल काहीही म्हणो.

मोबाइलवर आलेलं झाडही खोटं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, माथेरान-महाबळेश्वरकडे, ज्याला अंजन किंवा अंजनी म्हणतात ते मेमेसायलॉन अंबेलॅटम. ते सदाहरित, ठेंगणं झाड किंवा मोठं झुडूप. पानं फांदीवर समोरासमोर पण प्रत्येक पान सुटं, गर्द हिरवं, गुळगुळीत, शिरा जेमतेम दिसतील अशी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके थेट चिकटल्यासारखे येतात. आपल्या अंजनाशी याचं कूळही जुळत नाही. आपलं शेंगांच्या कुळातलं, म्हणजे चिंचेच्या आणि बहाव्याच्या नात्यातलं. गंमत अशी की दोघांचंही लाकूड टणक, आणि सह्याद्रीतल्या अंजनीला इंग्रजीत चक्क ‘आयर्नवूड’, म्हणजे लोखंडी लाकूड म्हणतात. त्यामुळे ‘अंजन, फार कठीण लाकूड’ एवढंच वाक्य कुठे लिहिलेलं सापडलं तर त्यावरून ते कुठल्या अंजनाबद्दल आहे हे ठरवता येत नाही.

तिसरा घोळ गवताचा. कृषी खात्याच्या आणि विद्यापीठांच्या भाषेत ‘अंजन गवत’ म्हणजे सेंक्रस सिलिॲरिस, कोरडवाहू कुरणासाठी लावतात ते. बांधावर झाडं लावायला म्हणून कुणी ‘अंजनाचं बी’ मागवतो आणि हातात येते कुसळांची हलकी पिशवी. झाडाचं बी हवं असेल तर ‘अंजन वृक्ष, शेंगेसकट’ असं सांगून मागवा. रोपवाटिकेत लावताना पिशवी उंच घ्या. हे रोप वर वितीभर वाढण्याआधी खाली सोटमूळ सोडतं, आणि आखूड पिशवीत ते मूळ वेटोळं घालून बसलं की लावणीनंतर झाड तग धरत नाही.

चौथं नाव नुसत्या उच्चारसाम्याने घुसतं: अर्जुन. अर्जुनसादडा नदीकाठचा, पिळदार बुंध्याचा, फिकट साल सोलून निघणारा, फळाला पाच पंखांसारख्या धारा असलेला. हृदयविकारावर अर्जुनाची साल घ्यायला सांगितलेली असते आणि ‘अंजनाची साल’ असा निरोप पुढे जातो. शब्दार्थाने बघायचं तर दोघं एकमेकांच्या उलट आहेत. संस्कृतात अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ. अंजन म्हणजे काय, तिकडेच आता जाऊ.

अंजन हा शब्द ‘अञ्ज्’ या धातूवरून आला. त्याचा अर्थ माखणे, लेप देणे, आणि त्यावरूनच उजळणे, उघड करणे. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग याच धातूचं. ताटातलं व्यंजन याचंच, ‘व्यक्त’ आणि ‘व्यक्ती’ हेही याचेच. म्हणजे अंजनाचा मूळ अर्थ ‘काळं’ असा नाहीच. मूळ अर्थ ‘माखायची वस्तू’. पण माखायच्या वस्तूंत रोज हाताशी असणारी वस्तू म्हणजे डोळ्यात घालायचं अंजन, आणि ते काळं. वापराने काळेपणा शब्दाला चिकटला तो कायमचा. निरंजन म्हणजे ज्याला काळिमा लागलेला नाही तो, यातही तोच अर्थ आहे.

आता काजळाची कथा तपासू. काजळ धरतात ते तेला-तुपाच्या दिव्याच्या काजळीचं. आयुर्वेदातली सौवीरांजन, स्रोतोंजन ही अंजनं खनिजाची, रसांजन दारुहळदीच्या काढ्याचं. यात हार्डविकियाचं लाकूड, साल किंवा पान कुठेच येत नाही. अंजनाच्या गाभ्यातून गडद तांबूस-काळा, चिकट राळेसारखा रस निघतो हे खरं आहे आणि बहुधा त्यावरूनच काजळाची गोष्ट रंगत गेली असावी. पण तो डोळ्यात घालायचा पदार्थ नव्हे. शाळेच्या पाटीवर ‘याच्यापासून काजळ बनवतात’ असं लिहिलं तर सातवीतला एखादा पोरगा ते करून बघेल. म्हणून ते वाक्य नकोच.

मारुतीच्या आईचं नाव आणि झाडाचं नाव एकाच शब्दाच्या दोन फांद्या आहेत. एकीपासून दुसरी फुटलेली नाही. एरंडोलची अंजनी नदी, नाशिकजवळचा अंजनेरी, खानदेशातलं अंजनविहिरे, प्रत्येक ठिकाणी ‘अंजन’ ऐकू येतं म्हणून प्रत्येक ठिकाणी झाड शोधू नका, देवीही शोधू नका. नुसत्या ध्वनीवर विश्वास ठेवला की काय होतं याचं उदाहरण सागातच आहे. संस्कृतात ‘शाक’ म्हणजे भाजी आणि ‘शाक’ म्हणजे सागाचं झाडही. हिंदीत आजही साग म्हणजे पालेभाजी. म्हणून सागाची भाजी होते असं कुणी म्हणत नाही. तिकडे इंग्रजीतलं ‘टीक’ तर शाकाशी संबंधितच नाही. ते मल्याळममधल्या ‘तेक्क’वरून पोर्तुगीजांच्या ‘तेका’मार्गे गेलं.

मग अंजनाच्या झाडात काळं काय आहे? इथे झाडाकडे नीट बघितलं की उत्तर सुचतं. बाहेरून बघा: पान करडं, फूल पिवळसर, पालवी तांबूस, कोवळी साल पांढरट. काजळ आठवावं असं बाहेर काही नाही. काळेपणा आत आहे. बुंधा आडवा कापला की कडेला पांढुरक्या लाकडाची अरुंद पट्टी दिसते आणि आत एकदम गडद तांबूस-तपकिरी, जांभळट झाक असलेला गाभा, त्यात काळ्या रेषा. माझ्या मते नाव या गाभ्यावरून पडलं. म्हणजे ते देणारे लोक झाडाखाली सावलीला बसणारे नव्हेत, कुऱ्हाड-करवत चालवणारे: लाकूडतोडे, गाडी घडवणारे सुतार. सह्याद्रीतल्या अंजनीचं उलट आहे. तिथे काजळाची आठवण बाहेरूनच होते, गर्द पान, निळीजांभळी फुलं आणि पिकल्यावर काळपट होणारी फळं. एकच शब्द दोन झाडांकडे दोन वेगळ्या दारांनी गेला असं मला वाटतं. एक झाड वाळक्या डोंगरउतारांचं आणि दुसरं चार महिने धुक्यात भिजणारं. एकाचं नाव दुसऱ्याने उसनं घ्यायला ती शेजारीही नाहीत.

शब्दाच्या रूपातही एक इशारा आहे. तोंडोतोंडी फार जुन्या काळापासून चालत आलेली झाडांची नावं मराठीत झिजून आली: खदिराचा खैर झाला, शिंशपेचा शिसव, शल्लकीची सालई, उदुंबराचा उंबर, मधूकाचा मोह. अंजन मात्र कोऱ्या नाण्यासारखं आहे तसं राहिलं. ते झिजलं असतं तर प्रमाण मराठीत ‘आंजण’च्या जवळपास काही झालं असतं. डोळे ‘आंजणे’ हे क्रियापद तसं झिजलेलं आपल्याकडे आहेच. (अहिराणीच्या कानाला हा फरक निम्मा ऐकूच येत नाही. जिथे पाणी म्हणजे ‘पानी’, तिथे ‘अंजनना खांब’ हेच रूप येणार.) यावरून मी एवढंच म्हणतो की अंजन हे खैर-शिसवासारखं मुळातलं झाडाचं नाव वाटत नाही. रोजच्या वापरातला, काजळाचा शब्द उचलून वर्णन म्हणून लाकडाला लावलेला दिसतो. ‘काळ्या गाभ्याचं’ इतकाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या भाषांनी याच झाडाकडे दुसऱ्या बाजूने बघितलं. तेलुगूत याच्या नावात ‘नार’ हा शब्द येतो, आणि नार म्हणजे वाख, तंतू. या झाडाच्या सालीचा वाख चिवट असतो, त्याचे दोर वळतात. म्हणजे तिकडे नाव सालीवरून, आपल्याकडे गाभ्यावरून. शास्त्रीय नावातलं ‘बायनाटा’ म्हणजे जोडीने असलेलं, तर ते पानावरून. आणि ‘हार्डविकिया’ झाडाच्या कुठल्याच भागावरून नाही. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते थॉमस हार्डविक (१७५६–१८३५) या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून ठेवलं. हार्डविकला प्राणी-वनस्पती जमवण्याचा नाद होता. नावात ‘हार्ड’ आहे म्हणून कठीण लाकूड, असा अर्थ पाट्यांवर लिहिलेला मिळतो. तो साफ चुकीचा.

आता तुळई. घर जुनं असेल तर लाकूड धुराने, तेलाने काळंठिक्कर पडलेलं असतं, आणि काळं झालेलं साग लोक सहज अंजन समजतात. म्हणून वरचा रंग बघून काही ठरवू नका. तुळईचं भिंतीबाहेर आलेलं टोक, किंवा दुरुस्तीत निघालेला तुकडा घ्या आणि पटाशीने एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वरचा थर काढा. साग असेल तर आत सोनेरी तपकिरी रंग निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि ताज्या कापाला कातड्यासारखा ओळखीचा वास येतो. अंजन असेल तर पटाशी आधी सरकते, लाकूड दाणेदार भुग्यासारखं निघतं, आणि आतला रंग गडद तांबूस-जांभळट, काळ्या रेषांचा.

पण पक्की परीक्षा वजनाची. सुतार पाण्यात टाकून बघायला सांगतात, अंजन बुडतं म्हणून. ते बरोबर आहे, फक्त दोन अटींवर. एक, तुकडा पूर्ण वाळलेला हवा, कारण ओलं लाकूड बऱ्याच झाडांचं बुडतं. दोन, तो निव्वळ गाभ्याचा हवा. पांढरी कड राहिली किंवा किड्याची भोकं असली तर अंजनही तरंगू शकतं. त्यापेक्षा काटा वापरा. चौरस कापलेला तुकडा ६ इंच रुंद, ४ इंच जाड आणि १ फूट लांब असेल तर तो एक घनफुटाचा सहावा हिस्सा होतो. घनफूटभर पाण्याचं वजन सव्वाअठ्ठावीस किलो. वाळलेल्या अंजनाच्या चांगल्या गाभ्याचं तीस किलोच्या आसपास, सागाचं अठरा-वीस. म्हणजे तुमचा तुकडा पाच किलोच्या जवळ भरला तर अंजन असण्याचा संभव मोठा, तीन-सव्वातीन किलो भरला तर साग. मधे कुठे चार-साडेचार आलं तर घाई करू नका. खैर, धावडा, तिवस, शिसव ही सगळी जड मंडळी आहेत आणि वजनात एकमेकांच्या पायात पाय घालतात. तेव्हा रंग आणि वजन दोन्ही एकत्र धरूनच बोला.

या वजनामुळेच अंजन खांबांना, तुळयांना, बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे आऱ्या बसतात त्या मधल्या ठोकळ्याला, आणि घाण्याला पसंत केलं गेलं. पण पलंग किंवा कपाट करायला कुणी घेत नाही. वाळलेल्या अंजनात खिळा थेट ठोकला तर तो वाकतो किंवा कडेचं लाकूड तडकतं. आधी खिळ्याच्या जाडीच्या पाऊणपट गिरमिटाने भोक पाडावं लागतं. कापायचं तर ओलं असतानाच, वाळल्यावर करवतीचे दात पुन्हा पुन्हा घासत बसावं लागतं. आणि कापून उन्हात टाकलं तर तोंडाला बारीक चिरा पडतात, म्हणून टोकांना शेण किंवा रंग फासून सावलीत सावकाश वाळवायचं. जुनी तुळई काढणार असाल तर ती कापून जळणात घालू नका, खांब म्हणून ती आणखी कामाला येईल.

एक गोष्ट विचारलेली नाही, पण नावाशी निगडित आहे म्हणून सांगतो. खाजगी जमिनीवरची झाडं तोडण्याबाबतचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, मोह, तिवस यांच्याबरोबर अंजनही आहे, म्हणजे हार्डविकिया. तेव्हा शेतातलं अंजन ‘आपट्यासारखं काहीतरी’ म्हणून परवानगीशिवाय तोडलं तर पुढे अडचण येते. तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची विचारणा तालुक्याच्या वन विभागाच्या कार्यालयात करावी. अर्जात मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव लिहिलं की ‘कुठलं अंजन’ हा प्रश्न टेबलावर निघत नाही.

तर पाटीवर मी असं लिहीन, चार ओळींत:

अंजन. हार्डविकिया बायनाटा.
सातपुड्याच्या पायथ्याचं, कोरड्या जमिनीवरचं झाड. पानं जोडीने, शेंग चपटी, एका बियेची.
गाभ्याचं लाकूड गडद, काळ्या रेषांचं. अंजन म्हणजे काजळ. नाव या रंगावरून असावं.
माथेरान-महाबळेश्वरकडे अंजनी म्हणतात ते झाड वेगळं.

तिसऱ्या ओळीतलं ‘असावं’ खोडू नका. पाटी लोखंडी पत्र्याची करा आणि झाडाला खिळ्याने ठोकू नका. बुंध्याभोवती सैल तारेने किंवा स्प्रिंगने बांधा, आणि झाड जाड होत जाईल तशी दर दोन-तीन वर्षांनी ती तार सैल करायला कुणाला तरी नेमून ठेवा.